आधी मी जाऊन बघतो

खण लावायच्या आधी जरा थांबा. मी बोलतोय, मालकांचा जुना पासपोर्ट. कोपरा कापलेला दिसतोय ना, तोच. आता माझ्यावर कोणी शिक्का मारत नाही, मला कोणी उजेडात धरून बघत नाही, तेव्हा मी चार शब्द बोललो तर कुणाचं काही बिघडायचं नाही. आणि बोललो नाही तर मात्र माझं डोकं फुटेल.

बाहेरच्या खोलीत शेजारचं नवं जोडपं येऊन बसलंय. पहिल्यांदाच परदेशी निघालेत दोघं, आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारलाय. ते 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' का काय म्हणतात, ते घ्यावं का? म्हणजे आधी अर्ज करायचा, मग त्या देशाच्या सरकारनं तुमची चौकशी करायची, मुलाखत घ्यायची, बोटांचे ठसे घ्यायचे, आणि तुम्ही भरवशाचे आहात असं ठरलं की विमानतळावरच्या लांबलचक रांगेत न थांबता वेगळ्या दारातून झटकन बाहेर पडायचं. तर ते घ्यावं की नाही? झालं! आमच्या मालकांनी घसा खाकरला. आता नमनालाच घडाभर तेल जाणार, चहा गार होणार, आणि ती बिचारी पोरं आली तशी परत जाणार, काहीही न कळता. म्हणून म्हटलं, मीच सांगतो.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. पानं कापली, मधोमध शिवली, पुठ्ठ्याला चिकटवली, पोटात एक चिप घातली. मला वाटलं, आपण फार मोठे झालो. मग मालकांचा फोटो माझ्या अंगावर आला आणि सगळा तोरा उतरला. फोटो काढताना हसू नका म्हणाले होते, तर मालकांनी चेहरा असा केला की कुणीतरी पायावर पाय दिलाय. दहा वर्षं तो चेहरा पोटाशी धरून फिरलोय मी.

त्याच दिवशी मालकांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या बाईंचाही पासपोर्ट निघाला. घरी आल्यावर मालकांनी आम्हा दोघांना एकत्र ठेवून वरून रबर लावलं आणि आपल्या आतल्या खिशात टाकलं. तेव्हापासून आमची जोडी. बाईंचा पासपोर्ट बाईंच्या हातात कधी आलाच नाही. विमानतळावर मालकच दोन्ही पुढे करायचे, प्रश्न कुणालाही विचारलेला असो, उत्तर मालकच द्यायचे. कुठे चाललात, किती दिवस, कुणाकडे. बाई मागे उभ्या राहून पर्सचा बंद घट्ट धरायच्या. अधिकाऱ्याची खिडकी दिसली की त्या आणखी एक पाऊल मागे सरकायच्या.

आता मालकांचा धंदा सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्म गेला त्यात. तारेचे दोर, ग्रीस, कानस, पाने, याच्यात हात घालून घालून त्यांच्या बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झालीत. आणि त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी रिकाम्या लिफ्टमधून ते एकटे मारायचे. वरपर्यंत जायचे, खाली यायचे, आणि मगच दार धरून लोकांना म्हणायचे, या. जिन्यापाशी खोळंबलेली माणसं कितीही कावली तरी त्यांनी आधी कुणाला आत घेतलं नाही.

नियम चांगलाच होता, मी नाही कुठे म्हणतोय? पण हा माणूस तो नियम घरी घेऊन आला! घरात शिडी आणली, आधी मी चढून बघतो. लेकीला पोहायला नेलं, आधी मी पाण्यात उतरून बघतो. नवीन गादी आली तर बाई आणि लेक उशा घेऊन उभ्या आणि मालक डोळे मिटून मधोमध आडवे. बाई कपडे बेतायच्या, शिवायच्या, घरातच त्यांचं मशीन होतं. त्या म्हणायच्या, आमच्याकडे उद्या स्वर्गाचं दार उघडलं तरी हे आधी जाऊन बघून येतील. पण त्यात माया होती, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, खिशात छातीलाच तर टेकून होतो मी.

लेक लग्न करून परदेशी गेली, एका लहान शहरात. तिकडे सरळ विमान जात नाही. आधी त्या देशाच्या मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथे पासपोर्ट तपासून घ्यायचा, आणि मग छोट्या विमानानं पुढे. ते छोटं विमान दिवसातून एकदाच. जावई मालवाहू जहाजावर कामाला, महिने महिने समुद्रात. पहिलं बाळंतपण आलं तेव्हा ठरलं की आईबापानं जायचं. गेलो. मोठ्या विमानतळावर उतरलो तर रांग अशी की शेवटचा माणूस कुठे आहे ते कळेना. नागमोडी दोऱ्या लावलेल्या, एकच माणूस पुन्हा पुन्हा समोरून जातोय. मालक दर वळणावर घड्याळ बघत होते. कुणाला काही विचारतील तर शपथ! रांग म्हणजे रांग. छोटं विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा नात जन्मली होती. लेकीला आदल्या संध्याकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. जहाज कुठल्या तरी दूरच्या बंदरात. शेजारीण तिला दवाखान्यात सोडून आपल्या घरी गेली होती. मालक नातीला घेऊन सगळ्यांना दाखवत होते, नाक माझ्यावर गेलंय म्हणत होते. बाई एवढंच म्हणाल्या, "माझं पोर रात्रभर एकटं होतं." पुन्हा कधी त्यांनी ते काढलं नाही. मालकांना मात्र ते लागलं. मला कळलं, कारण त्या दिवशी त्यांच्या उसाशांनी खिशात मी बराच वेळ हलत होतो.

तेव्हापासून सुरू झालं ते पुराण. घरी परत आल्यावर कुणीतरी सांगितलं की अशी अशी योजना आहे, रांगेची कटकट नको. दुसरा कुणी असता तर घेतलं असतं नाहीतर सोडून दिलं असतं. आमचे मालक माहिती गोळा करायला लागले! वरच्या मजल्यावर औषधकंपनीचा विक्रेता राहतो, दर महिन्याला विमानात बसणारा. तो म्हणाला, डोळे मिटून घ्या, मी तर त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाही. मेहुणे म्हणाले, वर्षातून एकदा जाता, तेवढ्यासाठी परक्या सरकारला बोटांचे ठसे द्यायचे? डोकं ठिकाणावर आहे ना? तिकीटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, घेतलं तर चांगलंच, नाही घेतलं तरी काही अडत नाही. असल्या सल्ल्याला काय चाटायचंय?

दर रविवारी मला खणातून काढायचं, टेबलावर उघडं टाकायचं, शिक्के मोजायचे, आपण किती वेळा गेलो आणि पुढे किती वेळा जाऊ याचा विचार करायचा, आणि पुन्हा खणात. दोनदा माझ्यावर चहाचा कप ठेवलाय. हे बघा, हे गोल डाग. मधल्या काळात आम्ही दरवर्षी एक फेरी केली, दर वेळी त्याच रांगेत उभे राहिलो, आणि दर वेळी मालक शेजारच्या रिकाम्या दाराकडे बोट दाखवून बाईंना सांगायचे, ते बघ, ते लोक कसे सटासट जातायत. बाई म्हणायच्या, मग घ्या की. मालक म्हणायचे, विचार चालू आहे. अहो, नात चालायला लागली, बोलायला लागली, तरी याचा विचार चालूच!

मग एक दिवस लेकीचा फोन आला. दुसऱ्यांदा दिवस गेले होते. या खेपेला जावई घरी असणार होता, पण मोठीला सांभाळायला तिथे दुसरं कुणी नाही, तेव्हा त्यानं घरी थांबायचं. पहिल्या वेळेचा त्रास बघून डॉक्टरांनी दिवसही ठरवून दिला होता, सकाळी ऑपरेशन. लेकीनं विचारलं, "आई, या वेळी येशील ना गं वेळेवर?" बाईंनी फोन मालकांच्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी अर्ज भरला. मी खणात आनंदानं उडालो असतो, पण रबर होतं. आणि मग कळलं की गृहस्थानं अर्ज एकट्याचाच भरलाय. बाईंनी विचारलं, आणि माझा? मालक म्हणाले, "आधी मी जाऊन बघतो. बरं वाटलं तर पुढच्या खेपेला तुझा करू."

मी कपाळाला हात लावला असता, हात असते तर. बाईंनी शांतपणे विचारलं की जाणार तर आपण एकत्रच ना, मग मी कुठून बाहेर पडू? मालकांकडे उत्तर तयार होतं. तू रांगेतून ये सावकाश, मी त्या दुसऱ्या दारानं पुढे जातो आणि छोट्या विमानाचं दार धरून ठेवतो. बाईंनी दाताखालचा दोरा तोडला आणि म्हणाल्या, विमान म्हणजे काय लिफ्ट आहे? पण मालकांचं ठरलं होतं. इतकी वर्षं ठरत नव्हतं, आणि ठरलं तर असं.

मुलाखतीला मी गेलो होतो. स्वच्छ कचेरी, सर्दी झालेली एक तरुण बाई, काचेचं ठसेयंत्र. नोकरी, घर, लेक, सगळी उत्तरं मालकांनी चोख दिली. घोडं अडलं बोटांपाशी. काचेवर बोट ठेवलं की यंत्र म्हणायचं, पुन्हा ठेवा. पुसून ठेवलं, पुन्हा ठेवा. तिनं आपल्या पर्समधलं क्रीम लावायला दिलं, तरी पुन्हा ठेवा. ठसे उरलेच नव्हते तर येणार कुठून? शेवटी कसेबसे पुसटसे उमटले. अर्ज मंजूर झाला, पण तिनं नीट बजावलं की विमानतळावरच्या यंत्राला कधी कधी ओळख पटायची नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवून चला. मालकांनी मान हलवली, आणि हे घरी सांगितलं का? नाव नको! घरी येऊन नवं कार्ड सगळ्या जिन्यात दाखवलं. मेहुण्यांनाही मुद्दाम बोलावून दाखवलं.

निघालो. पहिलंच विमान उशिरा सुटलं, त्यामुळे मोठ्या विमानतळावर उतरलो तेव्हा छोट्या विमानाला फारसा वेळ नव्हता. सकाळी लेकीचं ऑपरेशन. आज पोचलो तर पोचलो. समोर तीच रांग, तशीच नागमोडी. मालकांनी रबर काढलं आणि बाईंचा पासपोर्ट बाईंच्या हातात दिला. प्रवासात त्या जोडीतून मी पहिल्यांदाच सुटलो होतो. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांचा चेहरा उतरला होता. मालक म्हणाले, तू ये, मी पुढे होतो, आणि ताठ मानेनं रिकाम्या दाराकडे निघाले.

यंत्रानं मला वाचलं. चेहरा बघितला. मग म्हणालं, बोटं ठेवा. मालकांनी ठेवली. पुन्हा ठेवा. पँटला पुसून ठेवली. पुन्हा ठेवा. मागे भरवशाचे प्रवासी चुळबुळ करायला लागले. मग लाल दिवा लागला, कसला तरी आवाज झाला, आणि एक अधिकारी येऊन मालकांना शेजारच्या काचेच्या खोलीत घेऊन गेला. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

अधिकारी वाईट नव्हता. म्हणाला, बसा, खात्री करून घेतो, वेळ लागेल. मी त्याच्या टेबलावर पालथा पडलो होतो. मालक सांगत होते, माझी बायको रांगेत आहे, तिला एकटीला बोलता येत नाही, आमचं विमान सुटेल. छोट्या विमानाचे दोघांचेही पास यांच्याच गळ्यातल्या पिशवीत! बाईंकडे पर्स आणि पासपोर्ट, एवढंच. मला तर इतका राग आला होता की चिप तापली असेल.

काचेतून रांग दिसत होती. बाई अगदी शेवटी उभ्या होत्या. त्यांनी लाल दिवा बघितला होता, मालकांना नेताना बघितलं होतं. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पुढच्या माणसाच्या दंडाला हात लावला आणि काहीतरी म्हणाल्या. त्यांना तिकडची भाषा येते ती मोडकी, नातीशी फोनवर बोलून शिकलेली. त्या काय बोलल्या ते पुढे त्यांनीच सांगितलं. माझ्या मुलीला उद्या बाळ होणार, मागच्या वेळी मी नव्हते. एवढंच. तो माणूस बाजूला झाला आणि त्यानं आपल्या पुढच्याला सांगितलं. एक बाई लेकरू कडेवर घेऊन होती, तिनं तर दोरी उचलून धरली. बाई त्या दोरीखालून वाकून गेल्या, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. ज्या रांगेत मालक इतकी वर्षं तोंड मिटून उभे राहिले, ती रांग नुसती विचारल्यावर उघडली. मालक खुर्चीतून अर्धे उठून बघत होते.

खिडकीपाशी अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं असेलच, कुठे, किती दिवस, कुणाकडे. बाई मान वर करून बोलत होत्या. एकदा तर हातांनी तान्हं बाळ करून दाखवलं. शिक्का बसला. त्या तरातरा काचेच्या खोलीशी आल्या. आत यायला परवानगी नव्हती, दार अर्धवट उघडं होतं. मालकांनी पिशवीतून बाईंचा पास काढला आणि अधिकाऱ्यानं तो नेऊन बाईंना दिला.

"अहो, आज आधी मी जाते," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागून या."

"एकटी?"

"लेक आहे ना तिथे. एकटी कशी?"

मालकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील थांब, मी आधी बघतो दार कुठे आहे ते. पण मालक म्हणाले, "जा." बाई गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही, बघायला वेळच नव्हता.

खात्री व्हायची ती झालीच. अधिकाऱ्यानं मला परत दिलं, मनापासून माफी मागितली, म्हणाला तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. छोटं विमान केव्हाच गेलं होतं. मालक त्या बंद दारासमोरच्या खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच बसून राहिले. मी त्यांच्या हातात होतो. खिशात टाकायचं सुचलंच नाही त्यांना.

सकाळ उलटल्यावर फोन वाजला. बाई विमानतळावरून थेट दवाखान्यात गेल्या होत्या. लेकीनं आत नेईपर्यंत त्यांचा हात सोडला नव्हता. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप होती. मालकांनी मग विचारलं काय, तर रांगेत किती वेळ लागला! बाई म्हणाल्या, मला काय माहीत, मी सगळ्यांशी बोलत होते. फोन ठेवल्यावर मालक रडले. हे पान जरा फुगलंय ना, ते त्या दिवशी भिजलं होतं. इतका वैताग दिला या माणसानं मला, पण तेव्हा मला त्याची कीवच आली.

आता त्या जोडप्याला माझं सांगणं एवढंच आहे. दर महिन्याला उडत असाल तर घ्या खुशाल, रांग वाचते, खोटं कशाला बोलू? पण दोघं जाणार असाल तर दोघांचंही घ्या, नाहीतर कुणाचंच नको. एकाच्या कार्डावर दुसरा दारातून जात नाही. बोटांकडे एकदा बघून घ्या. पुढे कुणी वाट बघत असेल तर दोन विमानांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि अडलात तर तोंड उघडा. पुढचाही माणूसच असतो. झालं, संपलं, एवढ्याला किती वर्षं लागायला हवीत?

पण ऐका, बाहेर मालकांचं अजून चालूच आहे. त्याला दोन बाजू आहेत म्हणतायत. माझी मुदत संपली, नवा पासपोर्ट आला, आणि आता नव्या नंबरावर कार्ड पुन्हा करायचं की राहू द्यायचं, याचा विचार चालू आहे म्हणे! विक्रेत्याला विचारून झालंय. रविवारी मेहुणे येणार आहेत.

आणि हा खण उघडाय तो त्यासाठी नाही. परवा निघायचंय, नातवाकडे. बाईच आल्यात खणापाशी. त्यांनी दोन्ही नवे पासपोर्ट उचलले, माझ्या आणि माझ्या शेजाऱ्याच्या अंगावरचं जुनं रबर काढून त्या दोघांना लावलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. बाहेरून मालकांनी विचारलं, अगं, पासपोर्ट कुठे ठेवलेस? बाई म्हणाल्या, माझ्याकडे आहेत, तुम्ही चहा प्या. मालकांनी कप उचलला.

आम्ही दोघं जुने आता रबराशिवायच शेजारी शेजारी पडून आहोत. बरं आहे असं. लावा आता खण.